सिंगापूरचं अर्धंच चित्र

"प्रत्येकाला स्वतःचं वैद्यकीय बचत खातं द्या, मग विमाही नको अन् सरकारही नको, सिंगापूर बघा," असं काही जण म्हणतात. बघूया की! तिथे मेडिसेव्ह नावाचं हेच खातं १९८४ साली सुरू झालं. पगाराचे वयानुसार ८ ते १०.५ टक्के त्यात जातात, तेही सक्तीने. पैसे आपले, पण काढायची मर्यादा सरकारची: कुठल्या शस्त्रक्रियेला किती, दवाखान्यातल्या एका दिवसाला किती, सगळं ठरलेलं. (आईवडिलांच्या बिलालाही हे पैसे चालतात, हे मात्र मला फार आवडलं.)

एवढ्याने भागलं नाहीच. मोठ्या आजारांसाठी १९९० मध्ये मेडिशील्ड हा विमा आणावा लागला, १९९३ मध्ये ज्यांना बिल झेपत नाही त्यांच्यासाठी मेडिफंड हा सरकारी मदतनिधी, आणि २०१५ पासून तर मेडिशील्डचंच नवं रूप, मेडिशील्ड लाइफ, सगळ्यांनाच बंधनकारक. शिवाय सरकारी रुग्णालयातल्या सी वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त, वॉर्डात बिलाचा मोठा हिस्सा सरकारच उचलतं.

पंचविशीतच डायलिसिसवर गेलेल्या पोराच्या खात्यात असून असून किती असणार? आणि आपल्याकडे बिगारी कामावरच्या माणसाला पगाराची स्लिपच नसते. त्याचं खातं कोण भरणार, तेवढं सांगा.