मर्केल सेल कॅन्सर: आधी पेट-सीटी की आधी सेंटिनल ग्रंथी?

(बेळगाव-निपाणी भागातल्या चार डॉक्टरांची चर्चा: निदान झाल्यावर आधी स्कॅन, की आधी ग्रंथी काढून तपासायची?)

टिळकवाडी, त्वचारोग:
मर्केल सेल म्हणजे त्वचेचा दुर्मीळ कॅन्सर. चेहरा, मान, हात अशा उन्हातल्या जागी लालसर-जांभळी, न दुखणारी, झपाट्याने वाढणारी गाठ. आपल्याकडे ती 'चरबीची गाठ' म्हणून काढली जाते आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आल्यावर धावाधाव सुरू होते. माझं म्हणणं, निदान पक्कं झालं की प्रत्येकाचा पेट-सीटी (किरणोत्सारी साखर टोचून, ती जास्त ओढणाऱ्या जागा चकाकताना दाखवणारा स्कॅन) व्हायलाच हवा. 2021 च्या अमेरिकी अभ्यासात, तपासताना लसिका ग्रंथी (मान, काख, जांघेतल्या) हाताला न लागलेल्या 492 रुग्णांपैकी 13.2 टक्क्यांत स्कॅनने पसरलेला रोग दाखवला. अभ्यासातल्या सगळ्या रुग्णांत मिळून नुसत्या सीटीने 6.9 टक्के, पेट-सीटीने 16.8. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान असलेल्यांतही 7.8 टक्के.

निपाणी, सर्जन:
म्हणजे शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांना स्कॅनने नवं काही सांगितलं नाही. उलट, ग्रंथी हाताला न लागणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकाच्या सेंटिनल ग्रंथीत, म्हणजे गाठीकडून लसिका आधी जिथे पोचते त्या पहिल्या ग्रंथीत, कॅन्सरच्या पेशी सापडतात. पाच मिलिमीटरच्या आतलं पेटला सहसा दिसत नाही. 'स्कॅन क्लिअर' असा कागद हातात पडला की घरचे म्हणतात, आता कशाला चिरफाड? तिथेच घात होतो. गाठीभोवती टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य टोचायचं, त्याचे किरण ओळखणाऱ्या गॅमा प्रोबने पहिली ग्रंथी हुडकायची, ती काढायची आणि त्याच भुलीत मूळ जागा रुंद कापायची. रुंद कापणं आधी उरकलं तर लसिकेच्या वाटा बदलतात आणि सेंटिनलचा भरवसा राहत नाही. आधी सेंटिनल, स्कॅन गरज पडली तर.

बेळगाव, न्यूक्लिअर मेडिसिन:
सेंटिनलला स्कॅन पर्याय नाही, हे मान्य. पण स्कॅन मागे ढकलणं मला पटत नाही. यकृतात किंवा हाडात रोग आधीच पोचला असेल तर काखेतली ग्रंथी काढून काय साधणार? उपचारच बदलतो, इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा) विचार आधी येतो.

मात्र स्कॅन नीट व्हायला हवा. सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी, गुळाचा चहासुद्धा नाही. आदल्या दिवशी ऊसतोड, ओझी उचलणं बंद, नाहीतर स्नायूच स्कॅनचं औषध, म्हणजे ती किरणोत्सारी साखर, ओढून घेतात. रक्तातली साखर 200 च्या वर असेल तर तारीख पुढे न्यावी. ऐनवेळी इन्सुलिन टोचून साखर उतरवली तरी औषध स्नायूंतच जातं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीने आतडं चकाकतं, ते किती दिवस बंद ठेवायचं हे डॉक्टरांना विचारूनच. इंजेक्शननंतर तासभर उबदार जागी गप्प पडून राहायचं.

अर्जावर 'डोक्यापासून तळपायापर्यंत' असं स्पष्ट लिहा. नेहमीचा स्कॅन कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच होतो. गाठ पोटरीवर असेल तर मूळ जागाच सुटली की! आणि मेंदू मुळातच साखर खातो, तिथल्या शंकेसाठी एमआरआय लागतो.

खानापूर, जनरल प्रॅक्टिस:
पुस्तकातलं सगळं बरोबर, पण आपल्या भागातल्या ग्रंथी वेगळ्या आहेत हो. अनवाणी शेतात चालणाऱ्याच्या टाचा फुटलेल्या असतात, जांघेतल्या ग्रंथी कायम सुजलेल्या. जुना क्षय असेल तर छातीतल्याही पेटतात. पेट-सीटीला जंतुसंसर्ग आणि कॅन्सर यांतला फरक दरवेळी कळत नाही. चकाकली म्हणून 'पसरला' असं सांगून मोकळं होऊ नका. सोनोग्राफीखाली सुई घालून पेशी तपासा, मगच स्टेज लिहा.

खर्च खासगीत पंधरा-पंचवीस हजारांच्या घरात जातो. महाराष्ट्राने 2023 मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, कर्नाटकचं आयुष्मान कार्डही आहे. कुठल्या कार्डावर पेट-सीटी बसतो, हे रुग्णाला गाडीत बसवण्याआधी दवाखान्याला फोन करून विचारा.

निपाणी, सर्जन:
सुईचा मुद्दा शंभर टक्के. पण म्हणूनच सांगतो, प्रत्येक चकाकणाऱ्या ग्रंथीमागे धावण्यात दोन-तीन आठवडे गेले तर हा कॅन्सर तेवढ्यात वाढतो.

टिळकवाडी, त्वचारोग:
मग सगळं एकाच आठवड्यात बसवा: रिपोर्ट येताच स्कॅनची तारीख, शंका आली तर लगेच सुई, ती निर्दोष निघाली की सेंटिनल. ग्रंथीत रोग ठरला असेल तर सेंटिनल नकोच, त्या ग्रंथींवरच उपचार. आणि स्कॅनची नुसती फिल्म नको, सीडी घ्या. रुग्ण कोल्हापूर, मिरज किंवा मुंबईला गेला तर मूळ चित्रं पाहायला मिळतात, दुसरा स्कॅन बहुतेक वाचतो.