फळं आणि चीज : पार्टीआधीच्या छोट्या घासांचे अनुभव लिहा

बडोद्यात माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, लहानपणी वाढदिवसाच्या टेबलावर मधोमध काय असायचं. चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेला कोबीचा गड्डा आणि त्याला साळिंदरासारख्या खोचलेल्या काड्या. प्रत्येक काडीवर डब्यातल्या अननसाचा तुकडा, चीजचा चौकोन, टोकाला लालभडक चेरी. आई चीजचा डबा उघडायची तेव्हा आम्ही भावंडं ओट्याला चिकटून उभी असायचो, कारण कडेचे वेडेवाकडे तुकडे आमचे. अमूलचं आणंद इथून जेमतेम चाळीस किलोमीटर, पण आमच्या दांडिया बाजारातल्या घरात चीज वर्षातून दोनदाच यायचं, माझ्या वाढदिवसाला आणि दादाच्या.

मार्चअखेरीस आईबाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. चाळीस माणसं, गच्चीवर, संध्याकाळी साडेसहाला. जेवण बाहेरून येईल, पण आल्याआल्या पाहुण्यांच्या हातात जे द्यायचं ते मी घरी करणार आहे, आणि त्यात फळं आणि चीज हवंच. आईचा कोबीचा गड्डा तर असेलच. त्याच्या जोडीला काय ठेवू? तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, का फसलं, सगळं सविस्तर लिहा. नुसती कृती नको, अनुभव हवा.

कारेलीबागेतून

ताई, आधी फसलेलं सांगते. गेल्या पावसाळ्यात भिशी आमच्याकडे होती. आदल्या रात्री चक्का टांगला, त्यात किसलेलं चीज, मिरपूड आणि बारीक चिरलेला ताजा अननस घातला. सकाळी बिस्किटांवर लावायचं आणि वर डाळिंबाचे दाणे, असा बेत. रात्री चाखलं तर सुरेख. सकाळी झाकण काढलं तर चक्का सैल पडलेला, कडेला पाणी, आणि चव कडूजहर. बारा बायका अकराला येणार होत्या. मी सगळं टाकून दिलं आणि साबुदाणा वडे तळले.

मला वाटलं दहीच बिघडलं. माझी नणंद सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तिने खरं कारण सांगितलं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं, आणि तुटलेल्या प्रथिनांचे काही तुकडे चवीला कडू असतात. किवीतही असंच एक एन्झाइम असतं, पपईतही, कच्च्या पपईत तर फारच. उष्णतेने ते निकामी होतं. डब्यातला अननस भरताना तापवलेला असतो, म्हणून तुमच्या आईंच्या काड्यांना कधी काही झालं नाही.

आता मी अननसाचे तुकडे चमचाभर साखर घालून जाड बुडाच्या कढईत पाच-सहा मिनिटं चांगले उकळते, गाळणीवर निथळवते, पूर्ण गार करते आणि मगच चक्क्यात मिसळते. रस वाया घालवत नाही, त्यात लिंबू पिळून सरबत होतं. ताजाच अननस हवा असेल तर काडीवर चीजशेजारी लावा आणि लगेच द्या. तेवढ्या वेळात कडू होत नाही.

मांजलपूरहून

माझ्या मुलाचा वाढदिवस २० मेचा. त्या दिवसांत इथे पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे मला उन्हाळ्याचं जरा जास्त कळतं. पहिल्या वर्षी मी कलिंगड आणि पनीरचे चौकोन काडीला लावले, वरून काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरली आणि दोन ताटं सजवून ठेवली. पाऊण तासाने मुलं खेळून आली तर ताटात गुलाबी पाण्याचं तळं, त्यात पनीर भिजून गुलाबी झालेलं. मीठ फळातलं पाणी ओढून घेतं हे शाळेत शिकले होते, पण ताट सजवताना ते आठवलं नाही.

त्यानंतर क्रम बदलला. कलिंगड सकाळी कापून चाळणीत ठेवते, खाली भांडं, आणि चाळण फ्रीजमध्ये. काडी लावायच्या आधी प्रत्येक तुकडा स्वच्छ पंच्यावर टेकवून घेते. फळाला मीठ लावतच नाही. मीठ-जिरं-मिरपूड पनीरला लावते, तेही आधी, आणि मध्ये पुदिन्याचं अख्खं पान. पान मध्ये आल्याने पनीर आणि फळ एकमेकांना चिकटत नाहीत. ताट एकच बाहेर, बाकीची फ्रीजमध्ये. ते संपलं की दुसरं. खाली बर्फ घातलेली परात ठेवली तर आणखी बरं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. दुधाचा पदार्थ अशा उन्हात तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उरलेलं पुन्हा फ्रीजमध्ये टाकून रात्री खायचं नाही. लहान मुलं आणि तुमच्या आईबाबांच्या वयाची माणसं असताना तर मुळीच नाही.

रावपुऱ्यातून

मी सत्तरी ओलांडलेला माणूस, स्वयंपाकात मदतनीसच. पण चीज म्हणजे अमूलच, असं इथली मुलं समजतात त्याचं मला वाईट वाटतं. गुजरातचं स्वतःचं जुनं चीज आहे, सुरती पनीर. पारशी लोक त्याला टोपली नु पनीर म्हणतात. माझ्या ऑफिसातले एक पारशी साहेब सुरतेहून ते आणत. काचेच्या बरणीत खारट निवळीत बुडवलेल्या, तळहाताएवढ्या वड्या. छोट्या टोपल्यांत दूध विरजतात, त्यामुळे टोपलीच्या विणीची नक्षी वडीच्या अंगावर उमटलेली असते. आपल्या नेहमीच्या पनीरसारखं ते लिंबाने फाडत नाहीत आणि दाबतही नाहीत, म्हणून सुरी लावली की थरथरतं. चव हलकी खारट, किंचित आंबूस.

साहेबांच्या घरी मी ते आषाढात कच्छच्या ताज्या, म्हणजे न वाळवलेल्या खारकेबरोबर खाल्लं होतं. पिवळी, कुरकुरीत खारीक, बी काढून दोन फाका, आणि एका फाकेत पनीरचा तुकडा बसवलेला. बाकी काही नाही. त्या वेळी मी तिशीत होतो आणि आजही मला तो घास आठवतो. मार्चमध्ये ताजी खारीक मिळणार नाही. तेव्हा काळ्या द्राक्षांबरोबर द्या, किंवा जामफळाच्या, म्हणजे पेरूच्या, पातळ चकतीवर ठेवून वर लाल तिखटाची चिमूट.

मात्र घरात कडक शाकाहारी मंडळी असतील तर विकत घेताना विचारून घ्या. जुन्या पारशी पद्धतीत विरजणासाठी कोंबडीच्या पोटातलं वाळवलेलं अस्तर वापरत. शाकाहारी रेनेटचंही (रेनेट म्हणजे दूध गोठवणारं विरजण) करतात, पण विचारलेलं बरं.

अलकापुरीहून

आजोबांनी रेनेटचा विषय काढला म्हणून लिहिते. आमच्या सोसायटीत निम्मी घरं जैन. चीजच्या वेष्टनावर हिरवा ठिपका आणि मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासून केलेलं) रेनेट पाहून मी निर्धास्त होते, पण शेजारच्या मासी चीज घेतच नाहीत, शिळं म्हणून. त्यांच्यासाठी त्याच दिवशी दूध फाडून पनीर करते. मध चालत नाही. अंजीर चालत नाही, ते उंबराच्या जातीचं. अंजीर-चीज-मध ही माझी सर्वात आवडती जोडी, त्यामुळे मला हे शिकायला वेळ लागला. आणि साडेसहाची पार्टी म्हणालात ना? मार्चअखेरीस इथे सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर काहीही न खाण्यापिण्याचा नेम, पाळणारे कुणी असतील तर त्यांना सहालाच बोलवा आणि त्यांचं ताट आधी द्या. मासींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिलाय.

फतेगंजहून

सफरचंद किंवा नासपती घेणार असाल तर चिरल्याबरोबर लिंबू पिळलेल्या गार पाण्यात टाका, दोन-तीन मिनिटांनी काढून पुसा. काळं पडत नाही. मिठाच्या पाण्यानेही जमतं, पण चीज आधीच खारट असतं.

प्रतापनगरहून

मला वाटतं सगळे एक गोष्ट विसरताहेत. आपल्या घराघरांत बरणीत फळ भरून ठेवलेलंच असतं, छुंदा! कैरी, साखर, मीठ, तिखट, जिरं. चीजला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे. बाहेर लोक चीजबरोबर फळांचे मुरंबे आणि चटण्या खातात, मग आपण छुंदा का नको?

मी बशीएवढे नव्हे, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे मिळतात ते छोटे खाकरे घेतो. मेथीचे. पहिल्यांदा केले तेव्हा थेट छुंदा घातला, वर चीजची पातळ चकती, आणि दहा मिनिटांत खाकरा चामड्यासारखा झाला. मित्र खात होते, पण मला ऐकू येत होतं की कुणाच्याच तोंडात आवाज होत नाहीये. खाकऱ्याचं सगळं सुख त्या आवाजात आहे.

आता आधी खाकऱ्यावर मऊ लोण्याचा अगदी पातळ हात फिरवतो, त्यामुळे ओल खाली उतरत नाही. मग चीजची चकती, आणि छुंदा सगळ्यात वर, पाकातून निथळवून, अर्धा चमचा. खायच्या आधी पाच मिनिटं फक्त. खाकरे, चकत्या, छुंदा वेगवेगळे मांडून ठेवायचे आणि दोन भाच्यांना कामाला लावायचं. माझ्या आजीला चीज ‘साबणासारखं’ वाटायचं. तिने हे चार खाल्ले आणि विचारलं, उद्या करशील का.

वाघोडिया रोडवरून

माझी हातखंडा गोष्ट म्हणजे झाकलेली द्राक्षं. ३० घासांचं माप देते, तुम्हाला दुप्पट-तिप्पट करावं लागेल. २०० ग्रॅम मऊ पनीर तळहाताच्या मुळाने रसमलाईला मळतो तसं मळायचं, कण राहता कामा नये. त्यात दोन चीज क्यूब बारीक किसून, मोठा चमचा घट्ट चक्का आणि ताजी भरड मिरपूड. हा गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये.

द्राक्षं नाशिकची काळी बिनबियांची, जाड सालीची, घट्ट. धुऊन पंच्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडी करायची, नंतर तीही गार करायची. इथेच बहुतेकांचं चुकतं. द्राक्ष ओलं असेल तर पनीर घसरून हातात येतं, किती दाबा. लिंबाएवढा नव्हे, सुपारीएवढा गोळा तळहातावर चपटा करून मध्ये द्राक्ष ठेवायचं, कडा वर ओढून हलक्या हाताने वळायचं, उकडीचा मोदक करताना पारी ओढतो तशीच. मग भरड पिस्त्यात घोळवायचं. तासभर फ्रीजमध्ये.

आणि शेवटी धारदार, ओल्या सुरीने एका झटक्यात मधून कापायचं. हिरवं वर्तुळ, आत पांढरं, आत जांभळं आणि मध्ये चमकणारा रस. ते ताट घेऊन बाहेर आले की क्षणभर सगळे नुसते बघतात, मग हात पुढे येतो. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र असं अर्धं द्राक्षही देऊ नका, घशात अडकतं. त्यांच्यासाठी उभे चार तुकडे करून वेगळ्या वाटीत पनीरबरोबर.

चिकूचंही करून पाहिलं होतं, अमलसाडचे उत्तम चिकू घेऊन. नाही जमलं. चिकू गोड आणि मऊ, पनीर मऊ, आंबटाचा पत्ता नाही. तोंडात सगळं एकच होऊन जातं. फळ आंबट तरी हवं नाहीतर करकरीत तरी हवं, असं माझं पक्कं मत झालंय.

पुन्हा दांडिया बाजारातून, पण दुसऱ्या वाड्यातून

बाळ, मी सुनेकडून लिहून घेतेय. तुम्ही मुली याला नवीन समजता, पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आम्ही दुसरं काय करत होतो? कलिंगडाची कमळं, द्राक्षांचे घोस, आंब्याची डाळ, पन्हं. बायका यायच्या त्या आधी आरास बघायच्या. मीही खंडेराव मार्केटातून फळं आणून रात्र रात्र कोरत बसे.

गेल्या वर्षी सुनेने आरासीपुढे जामफळाच्या फोडींवर चीज किसून दिलं. मी म्हटलं, डाळ असताना हे कशाला? एक फोड खाल्ली. मग तिला सांगितलं, यावर आपल्या डाळीचीच हिरवी मिरची, कैरीचा कीस आणि ओलं खोबरं चिमूटभर घाल. या वर्षी तसंच करणार आहोत. तुझ्या आईला मी चांगली ओळखते, तिला कैरी आवडते. कलिंगडाचं कमळ मी करून पाठवीन, हात अजून चालतो. त्यात काड्या खोच.

धागा काढणारी

आजी, तुमचा निरोप आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून आतून सुपारी कातरायचा जुना अडकित्ता आणि कोरायची छोटी सुरी घेऊन आली. सुरी तुमचीच आहे म्हणे, ३० वर्षांपूर्वी मागून आणलेली.

तर ठरलं असं. मधोमध कोबीचा गड्डा, डब्यातल्याच अननसाचा. शेजारी आजींचं कमळ, त्यात पनीर-पुदिना-कलिंगड, मीठ फक्त पनीरला. झाकलेली द्राक्षं १००. खाकऱ्याचं काम माझ्या दोन्ही भाच्यांकडे. जैन पाहुणे पाच आहेत, त्यांना सहाची वेळ फोन करून कळवली, त्यांचं पनीर सकाळी घरी होईल. सुरती पनीरसाठी सुरतेच्या मावसबहिणीला सांगितलंय, रेनेटचं विचारूनच घेईल. बर्फाची परात कुणाकडे मोठी असेल तर सांगा, आमची फुटली.