डेव्ही क्रॉकेटच्या पत्रावर तिकीट का नाही?

देवगडकर: टेनेसीचा खासदार डेव्ही क्रॉकेट, 1836 ला टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारला गेला तोच, त्याच्या एका पत्राचा फोटो बघत होतो. पाकीट नाही, तिकीट नाही, कोपऱ्यात नुसतं ‘फ्री’ आणि सही. मग पोचायचं कसं? आणि शाई अशी तपकिरी का?

राजापूरकर: तिकीट असणार कुठून, अमेरिकेत सरकारी तिकिटं आली 1847 ला, आपल्याकडे पहिलं तिकीट, सिंध डाक, 1852 ला. तोवर पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाराच द्यायचा आणि दर ठरायचा अंतरावर आणि कागद किती यावर, म्हणजे वेगळं पाकीट लावलं की तोही एक कागद मोजला जाणार, म्हणून तोच कागद घडी घालून लाखेने बंद करायचे. खासदारांना मात्र टपाल फुकट, सही केली की झालं. याच क्रॉकेटने 1830 ला आदिवासींना हुसकावणाऱ्या कायद्याला विरोध केला होता, मला त्यासाठी तो फार आवडतो.

गुहागरवाली: शाई हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि मायफळाची (ओकच्या झाडावरची गाठ). लिहिताना काळी, मग तपकिरी होते, कधीकधी कागदही खाते. आपल्या मोडी पत्रांची काजळाची, म्हणून अजून काळीभोर.

देवगडकर: भारी! आजोबांची मोडी पत्रं पेटीत आहेत, पावसाळ्यात कुबट वास येतो, लॅमिनेट करू का?

गुहागरवाली: नको हो!! ते परत निघत नाही. सेलोटेप पण नको, डाग पडतात. अ‍ॅसिड-फ्री कागदात सपाट ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, आणि आधी नीट फोटो काढून घ्या.