'आऊट ऑफ पॉकेट' खर्चाला मराठीत काय म्हणायचं?

अबोली: आशा ताईंच्या, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, पुस्तिकेचं भाषांतर करतेय. उपचारासाठी घरच्यांना स्वतः भरावा लागतो त्या पैशाला मी 'पदरमोड' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'खिशाबाहेरील खर्च' केलं. काय ठेवू?

उंबरठा: 'खिशाबाहेरील' म्हणजे खिशात नसलेला! पदरमोडच ठेवा. पदराच्या गाठीतले पैसे मोडायचे ती पदरमोड. आजीला ती गाठ सोडताना पाहिलंय मी.

सातपाटी: 'पदरी पडणे', 'पदरी बाळगणे' यांत लुगडं कुठे आहे? पदर म्हणजे आपल्या ताब्यातलं. शिवाय पदरमोड आपखुशीची असते. गुरुजी शाळेसाठी पदरमोड करतात. बायको बाळंतपणात अडलेली असताना डिपॉझिट भरणाऱ्याला खुशी विचारतं कोण?

वऱ्हाडी: आमच्याकडे 'घरचे पैसे लागले' म्हणतात. सगळ्यांना कळतं.

ताळेबंद: कळतं, पण नेमकं नाही. विम्याचा हप्ताही घरचाच पैसा, तो यात धरत नाहीत. उपचार घेताना कुटुंबाने थेट भरलेली रक्कम, एवढाच अर्थ. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत, म्हणजे आरोग्यावर कोणी किती खर्च केला याच्या सरकारी हिशेबात, देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला याचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४. सरकारी खर्च वाढला का, हे या आकड्याशेजारीच वाचतात, तिथे ढिला शब्द चालत नाही. 'स्वखर्च' लिहा.

वऱ्हाडी: आणि बुडालेली मजुरी? पेशंटला नागपूरला न्यायचं तर सोबतच्याचाही रोज बुडतो.

ताळेबंद: ती यात येत नाही.

वऱ्हाडी: मग तुमचा नेमका शब्द अर्धाच खर्च सांगतो.

अबोली: 'स्वखर्च' आशा ताई दारात उभ्या राहून बोलतील का?

उंबरठा: नाही बोलणार. 'स्वखर्चाने उपस्थित राहावे', संमेलनाच्या पत्रिकेवरचा शब्द तो.

निवडुंग: लोक काय बोलतात ते ऐका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. पण आत औषध नसलं की हातात 'बाहेरची चिठ्ठी' येते आणि मेडिकलवाला उधार देत नाही. 'मोफत' या शब्दावर आधी चर्चा व्हायला हवी.

सातपाटी: चिठ्ठी हे खर्चाचं कारण झालं, खर्च नव्हे.

उंबरठा: आणि ठ्ठी. 'चिट्ठी' लिहितात हल्ली, ते हिंदी.

वऱ्हाडी: आमच्या गावात चिट्ठीच म्हणतात, आणि आम्ही मराठीच बोलतो.