तीस गुंठे वरकस जमीन: रान वाढवून जनावरं बोलवावीत का?

रविवारचा शेतकरी (मुलुंड)
मुरबाडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमची वडिलोपार्जित तीस गुंठे वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन आहे. नाचणी करणं कधीच थांबलं. एजंट म्हणतो, लॉन करा, खोल्या बांधा, शनिवार-रविवार भाड्याने द्या. माझं मत उलट आहे. बांधाला उंबर, पांगारा, काटेसावर लावावी, मधे करवंदं-तोरणं वाढू द्यावीत, कोपऱ्यात पाणवठा करावा आणि तारेचं कुंपण काढून टाकावं. ससे, भेकर, मोर, जे येईल ते येऊ दे. कोणाला यात काही गैर वाटतं का?

बांधावरचा
मला वाटतं. मी त्याच पट्ट्यातला आहे. तुम्ही रविवारी दुर्बीण घेऊन येणार आणि संध्याकाळी मुलुंडला परतणार. इकडे हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात लोंबीवर आलं की रात्री डुकरं उतरतात. खातात त्याहून जास्त तुडवतात. आम्ही माळ्यावर बसून पत्र्याचे डबे बडवतो. दिवसा ही डुकरं दडतात कुठे? मालक मुंबईत असलेल्या पडीक जमिनीतल्या घाणेरीत. नुकसानीचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण जागरणाचं काय? पाणी आणि गचपण शेजारी-शेजारी दिलंत की डुकरांची वसाहतच झाली.

रोपवेडी (दादर)
म्हणून घाणेरी मुळासकट काढायची. ती मुळात बाहेरून आलेली, आपली झाडं दाबून टाकते. गिरिपुष्प, सुबाभूळही नकोच. उंबराला वर्षातून अनेकदा फळ धरतं. हरियाल, तांबट, धनेश सगळे येतात. पांगारा-काटेसावर ऐन उन्हाच्या तोंडी निष्पर्ण असताना फुलतात, मधासाठी पाखरांची झुंबड उडते. पांगाऱ्याची जाड फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली तरी फुटते, नर्सरीला पैसे कशाला? एक-दोन कागदी लिंबं लावा, राणी पाकोळीच्या अळ्या लिंबाच्या पानांवर वाढतात. आपलं राज्य फुलपाखरू आहे ते.
पाणवठा मात्र उथळ आणि उतरत्या काठाचा हवा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेलं जनावर घसरत राहतं, वर येतच नाही. असं तळं असेलच तर काठावरून जाड दोराची जाळी सोडा.

तात्या (गिरगाव)
पाणवठ्याशेजारी माळा बांधा की! आमचे मामा चांदण्या रात्री तिथूनच सशावर नेम धरायचे. मटण काय लागायचं!

रोपवेडी (दादर)
तात्या, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. ससा स्वतःच्या जमिनीत आला तरी तो तुमचा होत नाही. फासे लावले तरी गुन्हाच. आणि धाग्याच्या मालकांना विनंती: धान्य, मीठ, उरलेली भाकरी काही टाकू नका. खायला घालून आणलेलं जनावर उद्या शेजारच्या पडवीत शिरतं, मग मार तेच खातं.

रविवारचा शेतकरी (मुलुंड)
घाणेरी काढणारच. पण सगळंच साफ केलं तर उरलं काय? आडोसा नसेल तर साधा लाजाळू लाव्हा पक्षीही थांबत नाही. आणि डुक्कर आमच्या तीस गुंठ्यांमुळे आलंय का? मागे अख्खा डोंगर आहे, रान तिथलं तुटतंय. दोष मात्र झाडं लावणाऱ्याला!

बांधावरचा
डोंगराशी भांडता येत नाही, तुमच्याशी येतं. बरं, वणव्याचं कोणी बोललंच नाही. तुमचं गवत कंबरभर वाढणार, फाल्गुनात कोणीतरी विडी टाकणार आणि माझ्या काजूची झाडं जाणार. पांगारे-उंबरंही जळतीलच. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, कोण काढणार? व्हॉट्सअॅपवर निघत नाही ती.

हप्तेवाला (बोरिवली)
सातबाऱ्यावरच्या पीक पाहणीत 'पड' (पडीक) अशी नोंद लागते का तेही बघून घ्या. बाकी चालू द्या.

रविवारचा शेतकरी (मुलुंड)
पाऊस संपल्यावर माणूस लावून जाळरेषा काढतो, पैसे देतो. घाणेरीही तेव्हाच उपटू. पाणवठा मात्र होणार, त्यावर मी ठाम आहे.

बांधावरचा
माणूस लावू नका. दिवाळीनंतर गवत मीच कापून नेतो, म्हशींना लागतंच. चारी बाजूंनी दहा हात मोकळं सोडतो. पाणवठा करायचाच असेल तर डोंगराकडच्या टोकाला करा, माझ्या भाताच्या अंगाला नको. तरी डुक्कर आलंच, तर रात्री किती वाजता का होईना, फोन तुम्हाला करणार. उचला.

रविवारचा शेतकरी (मुलुंड)
करा. पण कुंपण काढणारच.