आरएमध्ये सांध्यातल्या पेशी मरत का नाहीत?

कोथरूडची लेक:
आईला दोन वर्षं झाली आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उठते तो संधिवात) आहे, अँटी-सीसीपी ही रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह, त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध चालू. सकाळी तासभर तिची बोटं वळतच नाहीत, कुकरचं झाकण मी लावून देते मगच ऑफिसला निघते. परवा डॉक्टर बोलता बोलता म्हणाले की सांध्याच्या अस्तरातल्या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत आणि त्यात नॉन-कोडिंग आरएनएचा हात असतो. बाहेर पेशंटची रांग, पुढे विचारायचं राहूनच गेलं. मला बारावीचं एवढंच आठवतंय की आरएनए म्हणजे प्रोटीन बनवायचा निरोप नेणारा, मग हा कुठला? कुणी सोप्पं करून सांगाल का?

पाषाणचा लॅबवाला:
ताई, तो निरोप्या बरोबरच आहे, पण आपल्या डीएनएचा जेमतेम 2 टक्के भाग प्रोटीनची कृती सांगतो. बाकीच्यातूनही ढीगभर आरएनए निघतात, त्यांचं प्रोटीन होत नाही, पण त्यातले काही निरोप्यांवर लक्ष ठेवतात. मायक्रोआरएनए तर साधारण 22 अक्षरांचा, निरोप्याला जाऊन चिकटतो आणि ते प्रोटीन कमी बनतं. पहिला 1993 साली एका बारक्या जंतात सापडला, त्यासाठी ॲम्ब्रोस आणि रव्हकन यांना 2024 चं नोबेल मिळालं.

आता आईंचा सांधा. अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशींत एक्सआयएपी नावाचं प्रोटीन असतं, ते पेशीला मरू देत नाही. त्याला आवरणारा एक मायक्रोआरएनए (34ए च्या जोडीतला) आरएमध्ये कमी पडतो, कारण त्याच्या जीनवर मिथाइलचे (एका छोट्या रासायनिक गटाचे) टॅग बसून तो गप्प होतो. मग पेशी साठत जातात, अस्तर जाड होतं आणि कूर्चा, हाड कुरतडायला लागतं. उलट 155 नंबरचा मायक्रोआरएनए वाढलेला असतो आणि तो सूज भडकवतो, तो काढून टाकलेल्या उंदरांना प्रयोगातला संधिवात झालाच नाही!

सिंहगड रोड:
मग पेशी मारायचं औषध दिलं की झालं ना?

पाषाणचा लॅबवाला:
नाही हो दादा, खरी मेख तिथेच आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आरएमध्ये बऱ्याचदा मरतात त्या स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून, आणि त्या जाळ्यात सिट्रुलिन झालेली (म्हणजे रासायनिक बदल होऊन थोडी वेगळी झालेली) प्रोटीन्स असतात. ताईंच्या आईंची अँटी-सीसीपी टेस्ट पॉझिटिव्ह आली ती असल्याच प्रोटीन्सविरुद्धच्या अँटीबॉडीमुळे. म्हणजे ज्यांनी मरायचं त्या मरत नाहीत आणि ज्या मरतात त्या आग लावून जातात. नेमक्या पेशीपर्यंत औषध पोचवणं म्हणूनच अवघड आहे.

सदाशिव पेठेतली काकू:
अगं बाळा, मला 11 वर्षं झाली आरए होऊन. ह्या आरएनएच्या टेस्टवर कुणी पैसे घालायला सांगितलं तर घालू नकोस, रोजच्या निदानात ती लागत नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, रोज नाही, मी कालनिर्णयवर दर रविवारी लाल गोल करून ठेवते, तसं आईला करून दे. आणि उठल्या उठल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसायला सांग, मला तरी त्यानंच पोळ्या लाटता येतात.

कोथरूडची लेक:
काकू, गोल आत्ताच केले. दादा, ते जाळ्याचं आईला वाचून दाखवलं, म्हणाली परत एकदा वाच.