विषय: उतारावर सुमॅक लावावा का?

नमस्कार मंडळी,
घरामागे ड्राइव्हवेच्या कडेला उतार आहे, माती चिकण, दुपारभर ऊन, गवत काही टिकत नाही. नर्सरीवाला म्हणाला इथलंच सुमॅक नावाचं झुडूप लावा, पण सासूबाई म्हणतात ते विषारी असतं, अंगावर उठतं. घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारतेय, कोणी लावलाय का?
(न्यू जर्सी)

> उत्तर:
ताई, जरूर लावा, फक्त जात बघून घ्या. सासूबाई म्हणतात तो पॉयझन सुमॅक, तो खरंच वाईट, त्याचा चीक बिब्ब्यासारखा उततो (बिब्बा, काजू, आंबा, सुमॅक सगळी एकाच कुळातली). पण तो दलदलीत वाढतो आणि त्याची फळं पांढरट, लोंबणारी. बागेत लावतात त्या सुमॅकची फळं लाल, एवढी खूण पुरे.
उतारासाठी फ्रॅग्रंट सुमॅकमधला 'ग्रो-लो' घ्या. उंची २ फूट, पसरतो ६-८ फूट, माती छान धरून ठेवतो, कोरड्यातही तग धरतो. पानं मात्र तीन-तीनची, म्हणजे पॉयझन आयव्हीसारखीच (ती वेल, तिचा चीकही अंगावर उठतो) दिसतात, तर मुलांना आत्ताच शिकवून ठेवा: मधल्या पानाला लांब देठ असेल तर आयव्ही, देठ जवळजवळ नसेलच तर सुमॅक.
स्टॅगहॉर्न सुमॅक मला स्वतःला सगळ्यात आवडतो, फॉलमध्ये केशरी-लाल पेटतो नुसता, मादी झाडावर लाल तुरे थंडीभर राहतात आणि पक्षी येतात, पण तो १५-२५ फूट होतो आणि मुळातून फुटवे काढत शेजाऱ्यांच्या लॉनमध्ये जातो. छोट्या यार्डात नकोच.

> उत्तर:
दादांनी बरोबर सांगितलंय, एक भर घालतो. रस्त्याकडेचं रोप सुमॅक समजून उपटून आणू नका कोणी! बऱ्याचदा ते ट्री ऑफ हेवन असतं, चीनमधून आलेलं, स्पॉटेड लँटर्नफ्लायचं सगळ्यात आवडतं झाड, आणि ती कीड २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडल्यापासून आपल्याकडेही पोचलीये. स्टॅगहॉर्नच्या पानाची कड पूर्ण कातरलेली आणि कोवळ्या फांद्या मखमली, ट्री ऑफ हेवनच्या पानाला फक्त बुडाशी एक-दोन दाते, चुरगळलं की घाण वास.
आणि स्टॅगहॉर्नचे लाल तुरे गार पाण्यात काही तास भिजवून फडक्यातून गाळले की मस्त आंबट सरबत होतं, गरम पाणी नको, तुरट उतरतं. काजू किंवा आंब्याची ॲलर्जी असेल त्यांनी मात्र ते पिऊ नये.